गुरुजी दिसले पाहिजेत

नऊ एप्रिल. सकाळचं काम होतं कूलरला नवी खस बसवण्याचं. अमरावतीत शहाणी माणसं हे काम होळी झाली की उरकून टाकतात. आमच्याकडे ते पहिली झोपमोड झाल्याशिवाय निघत नाही. मी जाळीत खस दाबत होते आणि आमचे हे जाळी धरून उभे होते. जाळी धरण्याला ते कूलर बसवणं म्हणतात. बांधायची तार माझ्या तोंडात होती, त्यामुळे मोबाईल वाजला तेव्हा तो त्यांनी घेतला.

"तुझे शूटिंगवाले भाऊ आहेत. फायनल झालं, पाठवलं, पाहून घ्या म्हणतात."

मी तार तोंडातून काढली आणि हात पुसले. हे पाहणं कूलरपेक्षा गरजेचं होतं, कारण त्यावर एका गुरुजींची परीक्षा अडली होती आणि त्या परीक्षेवर एक शाळा. ते कसं, हे आधी सांगते.

मी विद्यापीठाच्या एका विभागात प्रमाणपत्र अभ्यासक्रमांचं काम पाहते. छायाचित्रण, व्हिडिओ निर्मिती, ड्रोन चालवणं आणि इंग्रजी अध्यापन असे चार अभ्यासक्रम एकाच मजल्यावर आणि एकाच पाण्याच्या फिल्टरवर चालतात. हे चार एकत्र कसे काय, असं लोक विचारतात. प्रत्येकाची मागणी कधी ना कधी कोणीतरी केली होती आणि मजल्यावर खोल्या चारच होत्या, यापेक्षा खोल कारण मला तरी माहीत नाही.

छायाचित्रणाला आणि व्हिडिओला बहुतेक लग्नाचे शूटिंगवाले येतात. त्यांना सगळं येत असतं, कागद तेवढा नसतो. पहिल्या दिवशी ते मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसतात आणि प्रकाशाबद्दल बोलणाऱ्या सरांकडे, सर कधी लग्नात जेवले तरी आहेत का, अशा नजरेने पाहतात. ड्रोनला शेतकरी घरातली मुलं येतात आणि आता बायाही येतात. इंग्रजी अध्यापनाला जिल्हा परिषदेचे शिक्षक येतात, तेही घाबरत.

आमच्या विभागप्रमुखांना समन्वय हा शब्द फार आवडतो. यंदा त्यांनी ठरवलं की छायाचित्रण सोडून बाकी तिन्ही अभ्यासक्रमांचे प्रकल्प एकमेकांत गुंफायचे. इंग्रजीच्या शिक्षकाने स्वतःच्या शाळेत नमुना पाठ घ्यायचा, व्हिडिओच्या विद्यार्थ्याने तो टिपायचा, ड्रोनवाल्याने वरून शाळा दाखवायची. म्हणजे एकाच कामात तिघांची परीक्षा. कागदावर हे इतकं नीटनेटकं दिसत होतं की मीही मान डोलावली. इंग्रजीचे बाह्य परीक्षक अकोल्याचे एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी मला फोनवरच बजावलं होतं, "पाठ सलग पाहिजे, मधे कापाकापी नको. शिक्षक दिसला पाहिजे आणि ऐकू आला पाहिजे. बाकी काही सजावट नको." मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. सगळ्यांनी हो म्हटलं. लग्नाच्या शूटिंगवाल्याने सजावटीला नाही म्हटल्याचं मी तरी त्याआधी ऐकलं नव्हतं. तिथेच मला शंका यायला हवी होती.

आता गुरुजी. चांदूर बाजारच्या रस्त्यावर आत एक गाव आहे, तिथल्या चार वर्गांच्या शाळेतले हे गुरुजी. पन्नाशीचे, अंगाने बारीक. पोरांना भागाकार असा शिकवतील की आपल्यालाही पुन्हा करावासा वाटेल. प्रवेश घ्यायला आले तेव्हा मला म्हणाले, "मॅडम, मले इंग्रजी येते. फक्त ते तोंडातून निघत नाही."

"मग आता या वयात कशाला त्रास घेता?"

"व्हॅन येते ना जी गावात."

व्हॅन म्हणजे तालुक्याच्या एका कॉन्व्हेंटची पिवळी व्हॅन. ती सकाळी गावात येऊन हॉर्न वाजवते आणि शाळेतली दोन-तीन पोरं दरवर्षी उचलून नेते. यंदा ती पाटलांच्या नातीवर टपली होती. नात तिसरीत होती. तिची आई, म्हणजे पाटलांची सून, अकोल्याची, शिकलेली, चटपटीत बाई. गावात तिचा शब्द चालतो असं नाही, पण तिने गॅसची शेगडी बदलली की महिन्याभरात तशीच शेगडी आणखी चार घरांत दिसते. तिची पोरगी व्हॅनमध्ये बसली की गल्लीतल्या बाकीच्या बसणार, चौथीचा वर्ग रिकामा होणार, आणि मग शाळा नाल्यापलीकडच्या गावच्या शाळेत मिसळून टाकणार. उरलेल्या पोरांनी पावसाळाभर नाला ओलांडायचा. सूनबाईंनी गुरुजींना सरळ सांगितलं होतं, "जूनच्या आधी मले दाखवा, पोरीले इंग्रजी बोलता येते म्हणून. नाही तं व्हॅन हायेच."

म्हणून गुरुजींना हा पाठ दोन ठिकाणी दाखवायचा होता. अकोल्याच्या परीक्षकांना आणि गावातल्या सूनबाईंना. दोघांपैकी कोण जास्त कडक, हे तेव्हा मला ठरवता आलं नसतं.

शूटिंग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झालं. सकाळची शाळा सुरू झाली होती. अकोल्याहून आमच्या व्हिडिओच्या वर्गातले शूटिंगवाले भाऊ आपल्या गाडीतून आले. गाडीतून दोन दिवे, दोन छत्र्या, एक चकचकीत पडदा आणि प्लास्टिकच्या फुलांची एक कमान निघाली. कमान मी परत गाडीत ठेवायला लावली.

"बरी दिसली असती मॅडम, फळ्याच्या वर."

"नको."

"बरं. मग हा रिफ्लेक्टर धरा. गुरुजीच्या तोंडावर उजेड मारा."

"मी समन्वयक आहे, भाऊ."

"हाव ना जी. म्हणूनच. बाकी सगळे कामात आहे."

मी चकचकीत पडदा धरून उभी राहिले. भाऊंनी गुरुजींना दाराबाहेर नेलं आणि आत यायला सांगितलं. गुरुजी आले. भाऊंनी परत पाठवलं.

"हळू या गुरुजी. मंडपात आल्यासारखं. मान वर. पोराईकडे पाहून जरा हसा."

"मी रोज असाच येतो का बाप्पा?"

"रोज कोन शूटिंग करते तुमचं?"

गुरुजी पुन्हा बाहेर गेले, पुन्हा आत आले. लग्नात वरमाला दोनदा घालायला लावणारा हा माणूस, गुरुजींच्या येण्यात त्याला सारखं काहीतरी कमी दिसत होतं. एकदा पाय आधी उजवा पडला, एकदा मागून बकरी आली. बाहेर पारावर ड्रोनवाल्या ताई आपली पेटी उघडून बसल्या होत्या. धामणगाव रेल्वेकडच्या, घरची कपाशी आणि तूर, बचत गटाने त्यांना कोर्सला पाठवलेलं. कोर्सला आल्या तेव्हा इंग्रजीतले आठ-दहा शब्द त्यांना येत होते आणि ते सगळे ड्रोनचे होते. त्या खिडकीतून म्हणाल्या, "भाऊ, नवरदेवाले आता बसू तं द्या. दारातलं तोरन मारून केव्हाचं झालं."

पाठ सुरू झाला. टेबलावर संत्रं, वांगं, टमाटा आणि लिंबू. गुरुजी एकेक उचलून विचारणार, "व्हॉट इज धिस?" आणि पोरांनी सांगायचं. पहिल्या वेळी बरं झालं. गुरुजींचं इंग्रजी थोडं अडखळत निघालं, पण निघालं. भाऊ म्हणाले, "पुन्हा एकदा. उजेड हलला." उजेड म्हणजे मी. दुसऱ्या वेळी एक पोरगा शिंकला. तिसऱ्या वेळी तर पोरं गुरुजींच्या आधीच सुरू व्हायला लागली. आणि मग भाऊंनी कॅमेऱ्यातून पाहिलं, त्यांना रंग पटला नाही. त्यांनी येऊन टमाटा पहिला ठेवला आणि संत्रं पार मागे. "लाल रंग समोर पायजे."

चौथ्या वेळी गुरुजींनी टमाटा उचलला. "व्हॉट इज धिस?"

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "इट इज अॅन ऑरेंज."

गुरुजींनी वांगं उचललं. वर्ग म्हणाला, "इट इज अ ब्रिंजल," कारण दुसरा नंबर वांग्याचाच होता. मग लिंबाला टमाटा म्हणून झालं. शेवटी संत्रं वर आलं आणि वर्गाने मोठ्या आत्मविश्वासाने त्याचं लिंबू केलं.

खिडकीबाहेर पाटलांची सून हाताची घडी घालून उभी होती. ती केव्हा आली, आम्हाला कळलंच नाही. ती म्हणाली, "गुरुजी, हे इंग्रजी नाही. हे तं गानं झालं."

गुरुजींनी संत्रं टेबलावर ठेवलं. भाऊंनी विचारलं, "पुन्हा एकदा?" आणि मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी लेन्स पुसायला घेतली.

तेवढ्यात बाहेर ड्रोन सुरू झाला. ताई बिचाऱ्या आपलं काम करत होत्या, शाळा वरून टिपायची म्हणून. पण तो आवाज आल्यावर वर्गात कोण थांबतंय? सगळी पोरं अंगणात. त्यांच्या आवाजाने गावातली माणसं आली. आया आल्या, पारावरचे म्हातारे आले. "उडव, उडव! वर ने! इकडे आन!" असा एकच गलका.

ताईंनी रिमोट छातीशी धरला आणि तोंड अगदी गंभीर करून म्हणाल्या, "मराठीत ओरडून काही फायदा नाही. याले मराठी समजत नाही."

पोरं गप्प झाली. हे त्यांना पटण्यासारखं होतं. मशीन बाहेरून आलेलं, त्यावरची सगळी अक्षरं इंग्रजी. मग एकाने गुरुजींचा शर्ट ओढला. "गुरुजी, वर ने ले काय म्हनते?"

"गो अप," गुरुजी म्हणाले.

"गो अप!" पोरं ओरडली आणि ताईंनी ड्रोन वर नेला.

त्यानंतर जे झालं ते मी पडदा धरून, ऊन डोळ्यांत घेत पाहिलं. पोरं विचारायची, गुरुजी एक शब्द द्यायचे, ड्रोन ऐकायचा. थोड्या वेळाने गुरुजींनी शब्द द्यायचं बंद केलं. "यू टेल," ते म्हणाले. हे त्यांच्या तोंडून न अडखळता निघालेलं मी ऐकलेलं पहिलं इंग्रजी. पोरांनी ड्रोनला झाडाजवळ नेलं, टाकीजवळ नेलं, खाली आणलं. "स्लो! स्लो! नॉट माय हेड!" हे एकाने स्वतःच जुळवलं होतं.

मग पाटलांच्या नातीची पाळी आली. दोन वेण्या, आईसारखीच ठाम. ती म्हणाली, "गो लेफ्ट."

ड्रोन तिच्याकडे तोंड करून होता. त्याचं डावं ते तिचं उजवं. तो उजवीकडे गेला.

"लेफ्ट!" ती ओरडली.

तो आणखी उजवीकडे गेला. ताई म्हणाल्या, "अवं, लेफ्टच तं जाऊन राहिला."

पोरीने कमरेवर हात ठेवले. तिने आधी हवेतल्या ड्रोनकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, आणि तिच्या लक्षात आलं. "नॉट युअर लेफ्ट," ती ड्रोनला म्हणाली. "माय लेफ्ट! कम माय लेफ्ट!"

व्याकरणाचं काय असेल ते असो, ते वाक्य तिचं होतं. ते तिला कोणी पढवलं नव्हतं. गुरुजींनी विचारलं, "सो, व्हॉट डू यू टेल इट?" तिने हवेत बोट उलटं फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "गो राईट." ड्रोन तिच्या डावीकडे गेला आणि अख्खं अंगण ओरडलं. मी सूनबाईंकडे पाहिलं. हाताची घडी सुटली होती.

मला बरं वाटलं. मी मनात म्हटलं, चला, झाला पाठ. सलग आहे, गुरुजी बोलतायत, पोरं बोलतायत, आणि भाऊ कॅमेरा खांद्यावर घेऊन गर्दीत फिरतायत. काम झालं. मी पडदा घडी करायला घेतला.

ते शूटिंग पूर्ण होऊन नऊ तारखेला, कूलरच्या वेळी, माझ्या मोबाईलवर आलं होतं. परीक्षकांना ते दहा तारखेला दुपारपर्यंत द्यायचं होतं. आम्ही दोघं खस तशीच टाकून पाहायला बसलो.

आधी सोनेरी अक्षरं फिरत आली. मग पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. मग दारातून गुरुजी आले, हळू, मान वर करून, सनईवर. मग ते दुसऱ्या बाजूने आले. मग नुसते त्यांचे जोडे आले.

"लगन कोनाचं आहे हे?" ह्यांनी विचारलं.

पुढे अंगण आलं. वरून ड्रोनने घेतलेली पोरांची डोकी आली, ती खरोखर छान होती. आणि मग माणसं. एक म्हातारा सुपारी चघळत वर पाहतोय. दोन आया एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून वर पाहताहेत. सरपंच केस नीट करताहेत. पाटलांची सून, तोंड उघडं, संथ गतीत, बराच वेळ. कडेवरचं लेकरू. दुसरं लेकरू. चहावाला. मागून आवाज येत होते, "गो अप", "यू टेल", "माय लेफ्ट", आणि त्यावर सनई. गुरुजी एकदा दिसले. म्हणजे त्यांचा एक कान दिसला आणि वर केलेला हात. शेवटी सगळ्या गावाचे चेहरे एकेका हृदयात बसून निघून गेले.

मी भाऊंना फोन लावला. मागे बॅंडचा आवाज होता, ते कुठल्यातरी लग्नात होते.

"भाऊ, गुरुजी कुठे आहेत?"

"आहे ना जी. एंट्रीत आहे. तीन बाजूनं घेतले."

"एंट्रीनंतर?"

"एंट्रीनंतर तिथंच होते ते. कुठं जाते ते?" भाऊंना माझा प्रश्न खरंच कळत नव्हता. "मॅडम, नवरदेव-नवरी मंडपातच राहते. त्याईची काळजी नाही. पावने मात्र जेवले की निघून जाते. एक पावना सुटला तं लोक दहा वर्षं बोलते, आमाले काहून नाही घेतलं म्हणून. मी त्या दिवशी एक मानूस नाही सुटू दिला. अख्खं गाव आहे त्यात. मोजून घ्या."

"पाठ गुरुजींचा होता, भाऊ."

भाऊ बाजूला गेले असावेत, बॅंडचा आवाज लांब झाला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "हे तं डोक्यातच नाही आलं."

"न कापलेलं काही आहे का?"

"कार्ड रिकामं केलं ना जी. आज इथं लगन आहे."

म्हणजे परीक्षकांना पाठवायला काही नव्हतं. मी कूलर पूर्ण केला, कारण तो अर्धवट ठेवून काही सुधारणार नव्हतं, आणि मग गुरुजींना फोन लावला. ते उचलत नव्हते. संध्याकाळी त्यांचाच आला. आवाज इतका मोठा की मी फोन कानापासून लांब धरला.

"मॅडम, दाखवलं! भाऊनं मलेही पाठवलं होतं ना. ग्रामपंचायतीचं प्रोजेक्टर आनलं, शाळेच्या भिंतीवर लावलं. सगळं गाव आलं. दोन येळा दाखवा लागलं. पहिल्या येळी ज्यानं त्यानं स्वतःले पाह्यलं, दुसऱ्या येळी दुसऱ्याले."

"आणि सूनबाई?"

"त्या पहिले चिडल्या. माह्यं तोंड इतकं उघडं काहून दाखवलं म्हने. मग पोरीचा आवाज आला, तं म्हने परत लावा. परत लावलं. मग म्हने, गुरुजी, पोरगी राहू द्या इथंच."

"छान झालं."

"पन एक अट घातली. म्हने, तुमचं ते सर्टिफिकेट शाळेत लागलेलं दिसलं पायजे. कॉन्व्हेंटमधी सगळ्या मॅडमाईचे लावले आहे, आमच्या शाळेची भिंत काय उघडी ठेवता का? बाकीच्या आयाही म्हनाल्या, हाव, सर्टिफिकेट पायजे. मी हो म्हनून आलो."

मी त्यांना सांगून टाकलं. असल्या गोष्टी गोड करून सांगितल्या की त्या दोनदा सांगाव्या लागतात. या शूटिंगवर परीक्षा होणार नाही, कारण तुम्ही त्यात नाही.

"माहा हात आहे ना."

"हात आहे. कान आहे. परीक्षकांना गुरुजी पाहिजेत."

"पाह्यलं होतं मी. मले वाटलं, मोठ्या शूटिंगमधी असंच राहते."

"उद्या शाळा आहे ना?"

"आहे. पन ताई तं धामणगावले गेल्या. ड्रोन नाही."

"ड्रोन लागणार नाही. पोरं आणि तुम्ही असलात की झालं, मी सकाळी येते. आणि संत्री-वांगी घरी ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चांदूर बाजारकडे जाणाऱ्या पहिल्या गाडीत बसले. बरोबर माझा मोबाईल आणि विभागातली कॅमेऱ्याची तीन पायांची घोडी. गावात उतरले तेव्हा गुरुजी इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते आणि पोरं माझ्या आधी आलेली होती. मी घोडी वर्गाच्या एका कोपऱ्यात उभी केली, मोबाईल लावला, कॅमेऱ्यात किती जागा मावते ते पाहिलं आणि तेवढ्या फरशीवर खडूने चौकोन आखला.

"गुरुजी, या चौकोनाबाहेर जायचं नाही. बाहेर गेलात की दिसणार नाही."

मग पोरांना सांगितलं, "आज ड्रोन नाही. आज गुरुजीच ड्रोन आहेत. यांना मराठी समजत नाही."

पोरांनी गुरुजींकडे संशयाने पाहिलं. एकाने खात्री करून घ्यायला म्हटलं, "गुरुजी, मी पाणी पिऊन येऊ?" गुरुजी शांतपणे म्हणाले, "आय डोन्ट अंडरस्टँड." वर्ग खूश झाला. मी लाल बटण दाबलं.

पोरांनी त्यांना वाकवलं, बसवलं, गोल फिरवलं. ते मधे मधे अडवायचे. "हाऊ मेनी स्टेप्स?" "व्हिच हँड?" आणि उत्तर मिळेपर्यंत एक पाय वर धरून उभे राहायचे. एका पोराने "सीट ऑन टेबल" म्हटलं, तर ते म्हणाले, "टेबल इज ब्रोकन. टेल मी अनदर प्लेस." या माणसाचं इंग्रजी तोंडातून निघत नाही म्हणे. पोराने विचार केला आणि खिडकी सांगितली.

आणि मग पाटलांची नात उठली. ती थेट त्यांच्या समोर येऊन उभी राहिली, तिने दाराकडे बोट केलं आणि म्हणाली, "गो आऊट."

गुरुजी खडूच्या रेघेपर्यंत आले आणि थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पोरांनीही माझ्याकडे पाहिलं. रेघ मीच आखली होती. पण ड्रोनने सांगितलेलं ऐकलं नाही, तर पोरांना कळणार की इंग्रजी बोलून काही होत नाही, सगळं शेवटी मॅडमच ठरवतात. मी बोलू शकत नव्हते, माझा आवाज आला असता. म्हणून मी मोबाईल घोडीवरून काढून हातात घेतला आणि दाराकडे मान हलवली.

गुरुजी रेघ ओलांडून बाहेर पडले. पोरं त्यांच्यामागे, आणि मी मोबाईल समोर धरून त्या सगळ्यांच्या पुढे, उलट्या पावलांनी. टाकीपर्यंत गेलो. एका म्हशीला वळसा घातला. "कम बॅक" म्हणेपर्यंत मी माझ्या चपलेवर एकदा आणि एका पोराच्या पायावर एकदा पाय दिला, पण गुरुजी डोक्यापासून जोड्यापर्यंत सतत समोर होते.

गावात नेट फक्त पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर येतं. मी ओट्यावर उभी राहून ते अकोल्याला पाठवलं. परीक्षक पहाटे उठणारे. मी फाट्यावर गाडीची वाट पाहत होते, गुरुजी माझी पिशवी धरून बाजूला उभे होते, आणि तेवढ्यात फोन आला.

"कॅमेरा फार हलतो," परीक्षक म्हणाले.

"हो सर."

"मधे एक म्हैस येते."

"हो सर."

"कोणी धरला होता?"

"मी."

"शिक्षक चांगला आहे. पास आहे तो. तुम्हाला नापास करायची सोय असती तर मी तीही वापरली असती."

मी गुरुजींना यातलं पास झाल्याचं तेवढं सांगितलं, प्रमाणपत्रावर नाव वडिलांच्या नावासकट हवं का ते विचारून घेतलं, पिशवी घेतली आणि येणाऱ्या गाडीला हात केला.